एकसष्टावे कार्ड

ट्रेडिंग कार्ड गेमचा नवा सेट, म्हणजे नव्या कार्डांचा संच, बाजारात येण्याआधी दोन-तीन आठवडे त्यातली कार्डे एकेक करून जाहीर होऊ लागतात, आणि त्या दिवसांत हा खेळ खेळणारा प्रत्येकजण एकाच कामात गुंतलेला असतो. कार्ड वाचायचे आणि ते कितपत उपयोगाचे आहे, हे ठरवायचे. खेळाचा आनंद डाव मांडल्यावरच मिळतो हे खरे. तरीही मला हे आधीचे दिवस फार मोलाचे वाटतात. त्या वेळी ते कार्ड अजून कोणी खेळलेले नसते, कोणत्याही स्पर्धेचा निकाल हाताशी नसतो, आणि समोर फक्त एक चित्र, एक किंमत आणि चार-पाच ओळींचा मजकूर असतो. एवढ्या तुटपुंज्या आधारावर विचारपूर्वक मत बनवणे ही स्वतंत्र विद्या आहे, असे मी मानतो आणि ती मन लावून शिकण्याजोगी आहे, असेही मला वाटते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. रमी, मेंढीकोट किंवा बदाम सात खेळताना बावन्न पत्ते ठरलेले असतात. त्यांतले आपल्या वाट्याला कोणते येतात, एवढाच प्रश्न असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा जोड १२० पानांचा असतो, पण तोही ठरलेलाच. 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने १९९३ साली ही चौकट मोडली. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेल्या या खेळात प्रत्येक खेळाडू आपला जोड, म्हणजे डेक, स्वतः बांधून आणतो. डेकमध्ये किमान ६० कार्डे लागतात आणि एका नावाची जास्तीत जास्त चार चालतात. माना पुरवणारी साधी लँड कार्डे तेवढी हवी तितकी ठेवता येतात. माना म्हणजे या खेळातला खर्चाचा पैसा. प्रत्येक कार्डाची किंमत त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात छापलेली असते, आणि प्रत्येक चालीत एकच लँड खाली ठेवता येत असल्यामुळे आपली खर्च करण्याची ताकद चालीगणिक हळूहळू वाढते. दोन्ही खेळाडू २० लाइफने सुरुवात करतात, सात-सात कार्डे हातात घेतात, आणि साधारणपणे समोरच्याचे लाइफ शून्यावर आणणारा डाव जिंकतो. पहिल्या सेटमध्ये २९५ कार्डे होती. आज वेगवेगळ्या नावांच्या कार्डांची संख्या २५,००० च्या पुढे गेली आहे. जपानमध्ये १९९६ साली निघालेल्या पोकेमॉनच्या कार्डगेममध्येही डेक ६० कार्डांचाच आणि मर्यादा चारचीच आहे. यु-गी-ओमध्ये ती तीनची आहे. नियम थोडेफार बदलले तरी नवे कार्ड पारखण्याची रीत तिन्हींकडे सारखीच लागू पडते, पण माझा हात मॅजिकमध्ये जास्त बसलेला असल्यामुळे उदाहरणे त्यातलीच देतो.

मी सांगलीचा. बुद्धिबळ हे या गावाचे जुने वेड आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावे इथे खेळ न खेळणाऱ्यांनाही ठाऊक असतात, आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या महिला ग्रँडमास्टर याच गावातून पुढे आल्या. इथल्या मुलाला पट शिकवताना अगदी सुरुवातीलाच मोहऱ्यांची किंमत सांगितली जाते : प्यादे एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. हा तक्ता इतका पक्का बसलेला आहे, याला कारण आहे. वजिराला आणि उंटाला त्यांची आजची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली आणि त्यानंतर पटावर एकही नवे मोहरे आलेले नाही. पाचशे वर्षांचे डाव त्या तक्त्याच्या पाठीशी उभे आहेत. कार्डगेमच्या खेळाडूसमोर मात्र दर काही महिन्यांनी नव्या मोहऱ्यांची एक फौजच येऊन उभी राहते आणि त्यांच्या पाठीशी एकही डाव नसतो.

तरी बुद्धिबळात तयार झालेली नजर इथे वाया जात नाही. कोंडलेल्या उंटाची किंमत तक्त्यात तीन असली तरी प्रत्यक्षात तो प्याद्याइतकाही उपयोगी पडत नाही, हे ज्याला कळले, त्याला मोहऱ्याची किंमत मोहऱ्यात नसून स्थितीत असते, हे समजलेले असते. कार्डांच्या बाबतीत निम्मे शहाणपण हेच आहे. उरलेले निम्मे मात्र बुद्धिबळ शिकवत नाही, कारण तिथे सोळा मोहरी आयती मिळतात. घोडा काढून त्या जागी दुसरे काय ठेवू, असा प्रश्न कोणाला कधी पडतच नाही. कार्डगेममध्ये सारे काही त्याच प्रश्नापाशी येऊन ठेपते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मॅजिकच्या पहिल्याच सेटमध्ये पाच रंगांची पाच कार्डे होती. प्रत्येकाची किंमत एक माना आणि प्रत्येकातून काहीतरी 'तीन' मिळणार, अशी त्यांची सुबक रचना होती. पांढऱ्या 'हीलिंग साल्व'मधून तीन लाइफ मिळत असे किंवा तीन डॅमेज अडवता येत असे. निळ्या 'अँसेस्ट्रल रिकॉल'मधून तीन कार्डे ओढता येत. काळ्या 'डार्क रिच्युअल'मधून तीन काळे माना हाती येत, लाल 'लाइटनिंग बोल्ट' तीन डॅमेज करी, आणि हिरव्या 'जायंट ग्रोथ'मुळे एखाद्या क्रीचरची, म्हणजे पटावर उभे राहून लढणाऱ्या कार्डाची, ताकद आणि टिकाव त्या चालीपुरते तीन-तीनने वाढत. कागदावर पाचही कार्डे एका मापाची. प्रत्यक्षात 'अँसेस्ट्रल रिकॉल' या खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत प्रबळ कार्डांमध्ये गणले जाते. जुन्या कार्डांना मुभा असलेल्या व्हिंटेज प्रकारातही ते डेकमध्ये एकच ठेवता येते. 'लाइटनिंग बोल्ट' तीस वर्षांनंतरही लाल डेकचा कणा आहे, 'डार्क रिच्युअल' योग्य डेकमध्ये भयंकर ठरते, 'जायंट ग्रोथ' कधीमधी कामाला येते, आणि 'हीलिंग साल्व' कोणी जाणीवपूर्वक डेकमध्ये घालत नाही.

तीन हा आकडा पाचही ठिकाणी सारखाच, मग एवढा फरक का पडावा? याचा विचार मी जितका केला, तितका तो मला उपयोगी पडला. एक कार्ड खर्च करून तीन कार्डे मिळाली, तर आपल्या हातात पूर्वीपेक्षा दोन पर्याय जास्त असतात आणि ते पर्याय डेकमधल्या सर्वोत्तम कार्डांचे असू शकतात. एक कार्ड खर्च करून तीन लाइफ मिळाले, तर समोरच्याचा एखादा हल्ला फार तर एका चालीने पुढे ढकलला जातो. पटावर त्याचे सैन्य जिथे होते तिथेच राहते आणि आपल्या हातातून एक कार्ड गेलेले असते. 'बोल्ट' या दोहोंच्या मधले आहे : समोरच्याने तीन माना खर्चून आणलेले क्रीचर आपण एका मानात काढून टाकू शकतो आणि डावाच्या शेवटी तेच कार्ड त्याच्या उरलेल्या तीन लाइफवर थेट फेकता येते. कार्डावरचा आकडा वाचणे सोपे असते. तो आकडा डावात कशाच्या बदल्यात खर्च होणार आणि कोणत्या गोष्टीत रूपांतरित होणार, हे वाचणे हीच खरी पारख.

आता त्या 'कशाच्या बदल्यात' या प्रश्नाकडे येतो. ६० ही किमान मर्यादा आहे. ६१ किंवा ७० कार्डांचा डेक नियमाने चालतो. तरीही कसलेला खेळाडू सहसा साठावरच थांबतो, कारण डेकमधल्या सर्वोत्तम कार्डाच्या चार प्रती असल्या, तरी साठातल्या पहिल्या सात कार्डांत त्यांतली एक तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच असते. दहा कार्डे पाहून झाली, की ती सुमारे ५३ टक्क्यांवर जाते. डेकमध्ये एक कार्ड वाढवले, की प्रत्येक चांगल्या कार्डाची शक्यता थोडी थोडी घसरते. म्हणून नवे कार्ड आत येणार असेल, तर एखादे जुने बाहेर गेलेच पाहिजे. 'हे कार्ड चांगले आहे का?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. आपल्या डेकमध्ये आज असलेल्या साठांपैकी कोणत्या कार्डापेक्षा ते चांगले आहे, असे विचारल्यावरच विचाराला धार येते. एकसष्टाव्या जागेसाठी तर जगातले निम्मे कार्ड चांगलेच असते.

माझा भाचा मिरजेहून रविवारी आमच्याकडे विश्रामबागला येतो, तेव्हा आमची ही चर्चा कागदावर न राहता सतरंजीवर उतरते. सेट हातात यायला वेळ असतो, म्हणून तो जाहीर झालेल्या कार्डांची चित्रे झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतो, पट्टी धरून ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या मापात कापतो आणि स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, सरकवतो. घरातल्या घरात चाचणी घेण्यापुरते हे चालते. स्पर्धेत खरे कार्डच लागते. भडंगाचे तेल बोटांना लागले की स्लीव्ह चिकटतात, म्हणून खाण्याची ताटली आधी बाजूला जाते. मागच्या एका सेटमधला पाच मानाचा ड्रॅगन त्याला फार आवडला होता : उडणारा, चार ताकदीचा, आल्या चालीतच हल्ला करणारा.

"मामा, ह्याचे चारही टाकतो."

"टाक की. पण काढणार काय?"

त्याने लाल डेक सतरंजीवर किंमतीप्रमाणे रांगा लावून मांडला. २४ लँड बाजूला. उरलेल्या ३६ मध्ये एक मानाची आठ, दोन मानाची बारा, तीन मानाची नऊ, चार मानाची पाच आणि पाच मानाची दोन कार्डे होती. असा डेक पहिल्या दोन-तीन चालींत पुढे झेप घेतो आणि समोरच्याला सावरू देत नाही. त्यातून दोन मानाची चार कार्डे काढून पाच मानाचे चार ड्रॅगन घातले, तर पाचची रांग दोनाची सहा होते. ज्याची पहिली चाल असते, त्याने पाचव्या चालीपर्यंत अकरा कार्डे पाहिलेली असतात आणि २४ लँडच्या हिशेबाने त्यांत सरासरी ४.४ लँड येतात. म्हणजे पाचवी लँड वेळेवर पडेलच, याचा भरवसा नाही आणि तोपर्यंत दोन-दोन ड्रॅगन हातात अडकून बसणार. हा हिशेब त्याने स्वतः बोटे मोडत केला, हे मला विशेष वाटले.

मग आम्ही चाचणीची एक पद्धत ठरवली. ड्रॅगनचा छापील कागद ज्या स्लीव्हमध्ये सरकवायचा, त्यात मागे कोणतेही फुटकळ कार्ड न ठेवता नेमके काढलेले कार्डच ठेवायचे. ड्रॅगन हातात आला, की कागद किंचित वर सरकवून मागचे कार्ड पाहायचे आणि त्या घडीला दोहोंपैकी कोणते हवे होते, ते वहीत लिहायचे. निकाल डाव संपल्यावर लावायचा नाही, कार्ड हातात आले त्याच क्षणी लावायचा. कारण डाव जिंकला, की त्यात असलेले प्रत्येक कार्ड चांगले वाटू लागते आणि हरला, की सगळीच वाईट दिसतात. संध्याकाळपर्यंत त्या वहीत मागच्या कार्डाचा रकाना ठळकपणे भरत गेला. ड्रॅगनमध्ये काही कमी नव्हते. त्याच्या दुसऱ्या, संथ आणि जास्त लँडच्या डेकमध्ये तोच ड्रॅगन घातल्यावर रकाने उलटे भरले.

ड्रॅगनसारख्या कार्डांविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नवे कार्ड वाचताना मनात जे चित्र उभे राहते, ते बहुतेक वेळा सुखाचे असते : पट मोकळा आहे, माना भरपूर आहेत, समोरच्याकडे उत्तर नाही. डाव मात्र नेहमी तसा नसतो. कधी आपण नुकती सुरुवात केलेली असते, कधी दोघांचे पारडे बरोबरीत असते, कधी आपण पुढे असतो आणि कधी मागे. या चार स्थितींत कार्ड काय करते, ते वेगवेगळे पाहावे, अशी रीत अनुभवी खेळाडू सांगतात आणि तिच्यातली मागे असतानाची स्थिती मी सर्वांत आधी तपासतो. आपण पुढे असताना जवळपास कोणतेही कार्ड जिंकून देते. जी कार्डे फक्त तेव्हाच चमकतात, त्यांचा मोह सर्वांत मोठा असतो आणि उपयोग सर्वांत कमी, कारण ती नसती तरी तो डाव आपण जिंकलोच असतो. याउलट आपले लाइफ पाचावर आले आहे, समोर तीन क्रीचर उभे आहेत, हातात एकच कार्ड आहे, अशा वेळी ते कार्ड हे हवे का? या परीक्षेत उतरणारे कार्ड दिसायला साधे असते आणि चर्चेत त्याचे नाव सहसा मागून येते.

दिसण्याचा विषय निघाला, की १९९५ साली 'आइस एज' या सेटमध्ये आलेल्या 'नेक्रोपोटन्स'ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तीन काळ्या मानाच्या या कार्डावरची पहिलीच ओळ नुकसानीची होती : दर चालीला जे एक कार्ड फुकट ओढायला मिळते, ते यापुढे मिळणार नाही. त्यानंतर लिहिले होते, की एक लाइफ द्या आणि डेकमधले वरचे एक कार्ड बाजूला ठेवा; चालीच्या शेवटी ते हातात येईल. सुरुवातीला अनेकांनी हे कार्ड निकालात काढले. फुकटचे कार्ड सोडायचे आणि वर रक्त देऊन कार्ड विकत घ्यायचे, हा व्यवहार कोणाला परवडेल? पण थोडा विचार केला, तर या खेळात लाइफचा शेवटचा एक पॉइंट तेवढा आपल्याला हरवतो. वीसातले बाकीचे एकोणीस हे खर्च करण्याजोगे भांडवल असते आणि 'नेक्रोपोटन्स' त्या भांडवलाचा एकास एक भावाने हातातल्या कार्डांत बदल करून देते. एका चालीत सात लाइफ देऊन सात कार्डे घेणाऱ्यासमोर दर चालीला एक कार्ड ओढणारा किती वेळ टिकणार? १९९६ च्या उन्हाळ्यात या कार्डाच्या डेकांनी स्पर्धा इतक्या व्यापल्या, की तो काळ आजही 'ब्लॅक समर' या नावाने ओळखला जातो.

मला या गोष्टीत कार्डापेक्षा वाचणाऱ्यांचे मन जास्त दिसते. आपण तोटा आधी वाचतो आणि तिथेच थबकतो. छापलेली किंमत आपल्याला खटकते, पण ती किंमत कोणत्या चलनात मागितली आहे आणि ते चलन आपल्याकडे पडून आहे का, हे आपण विचारत नाही. नव्या सेटमधल्या ज्या कार्डावर 'तुमचे अमुक गेले' असे लिहिलेले असते, तिथे मी मुद्दाम जास्त वेळ थांबतो. २००४ सालच्या 'डार्कस्टील' सेटमधल्या 'स्कलक्लँप'वरही असेच एक वजाचे चिन्ह होते. एक मानाचे हे अवजार ज्या क्रीचरला जोडाल त्याची ताकद एकने वाढे, पण टिकाव एकने कमी होई आणि ते क्रीचर मेले तर दोन कार्डे मिळत. एक टिकावाच्या क्रीचरला ते जोडले, की ते तत्काळ मरे. जोडायचा खर्च एक माना, मिळकत दोन कार्डे. ती वजाबाकी तोटा नव्हतीच, ती कार्डे ओढण्याची कळ होती. सेट फेब्रुवारीत आला आणि जूनमध्ये स्टँडर्ड या फक्त अलीकडचे सेट चालणाऱ्या प्रकारात या कार्डावर बंदी घालावी लागली.

कार्डाची परीक्षा करताना भोवतालची कार्डे सोडून चालत नाहीत, हे सांगायला मला 'ट्रेझर क्रूझ'पेक्षा चांगला दाखला सापडत नाही. २०१४ च्या या कार्डाची छापील किंमत आठ माना होती आणि काम तीन कार्डे ओढणे, म्हणजे 'अँसेस्ट्रल रिकॉल'चेच. फक्त त्यात एक सवलत होती : आपल्या ग्रेव्हयार्डमधले, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातले, प्रत्येक कार्ड कायमचे बाजूला काढल्यास एक माना कमी द्यावा लागे. ज्या प्रकारांत फक्त अलीकडचे सेट चालतात, तिथे तो ढीग सावकाश भरतो आणि हे कार्ड चांगले, पण आटोक्यात राहते. मॉडर्न आणि लेगसी या जुनी कार्डेही चालणाऱ्या प्रकारांत मात्र एक-एक मानाची स्वस्त कार्डे भराभर वापरली जातात, ढीग दोन-तीन चालींत साचतो आणि आठ मानाचे कार्ड एका मानाला पडू लागते. जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, या दोन्ही प्रकारांत त्यावर बंदी आली. तेच कार्ड, तोच मजकूर, फक्त भोवतीची वस्ती वेगळी.

ही वस्ती नंतरही बदलते, म्हणून एकदा दिलेले मत कायमचे धरून बसणे बरोबर नाही. २००६ साली 'डार्क डेप्थ्स' नावाची एक लँड आली. ती खाली ठेवली, की तिच्यावर बर्फाची दहा चिन्हे ठेवायची. तीन माना दिले की एक चिन्ह निघते. दहाही निघाली, की २० ताकदीचे, उडणारे आणि नष्ट न होणारे एक महाकाय क्रीचर मिळते. दहा चिन्हे, तीन-तीन माना, म्हणजे तीस मानाचा खर्च. त्या काळच्या खेळाडूंनी तिला हौशी कार्ड ठरवले, तर त्यांची पारख मला तरी अगदी योग्यच वाटते. २००९ मध्ये 'झेंडिकार' सेटमधून 'व्हँपायर हेक्समेज' हे दोन मानाचे क्रीचर आले. स्वतःचा बळी देऊन कोणत्याही एका वस्तूवरची सर्व चिन्हे काढण्याची त्याला मुभा होती. तीस मानाचे काम दोन मानात होऊ लागले आणि वीस लाइफने सुरू होणाऱ्या खेळात वीस ताकदीचा एक हल्ला म्हणजे डाव संपला. २०११ साली मॉडर्न प्रकार सुरू झाला, तेव्हाच 'डार्क डेप्थ्स' बंदीच्या यादीत होती. नवा सेट वाचताना म्हणूनच मी नव्या कार्डांची जेवढी नोंद करतो, तेवढीच जुन्यांचीही करतो : या नव्याने कोणाला जागे केले?

अशा जोड्यांची भूल मात्र लवकर पडते, हेही सांगितले पाहिजे. दोन कार्डे एकत्र आली तर डाव संपतो, असे दिसले, की तरुण खेळाडू सर्व काही त्यावर लावतो. दोन्हींच्या चार-चार प्रती ठेवल्या, तरी पहिल्या दहा कार्डांत दोन्ही नावे हाती येण्याची शक्यता जेमतेम चारातून एकदा असते. उरलेल्या तिनांपैकी साधारण दोन वेळा त्या जोडीतले एकटे कार्ड हातात धरून खेळावे लागते आणि एकदा दोहोंपैकी एकही आलेले नसते. एकटेपणी ज्याचे काहीच चालत नाही, अशा कार्डाला त्याच्या जोडीदारामुळे किती गुण द्यायचे, हे ठरवताना हात आखडताच ठेवावा. डेकमध्ये हवे ते कार्ड शोधून आणणारी साधने असतील, तर गणित बदलते, पण मग त्या साधनांनाही साठातल्याच जागा द्याव्या लागतात.

कार्डे बनवणाऱ्यांनाही ही पारख दर वेळी साधते असे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या 'ओको, थीफ ऑफ क्राउन्स' या कार्डावर नोव्हेंबरमध्येच स्टँडर्डमध्ये बंदी आली. याबद्दल पुष्कळांनी राग व्यक्त केला; मला त्यात राग धरण्यासारखे काही वाटत नाही. आत बसून चाचणी घेणारी माणसे मोजकी आणि बाहेर खेळणारे हजारो. एवढ्या डोळ्यांसमोर जे एका आठवड्यात उघडे पडते, ते बंद खोलीत महिनोन्महिने दडून राहू शकते.

हा सगळा खटाटोप मला महत्त्वाचा वाटतो, यामागे एक साधे व्यावहारिक कारणही आहे. आमच्याकडची मुले कार्डे बाहेरगावाहून मागवतात, त्यावर कुरिअरचा खर्च पडतो आणि महिन्याच्या खर्चातून वाचवलेले पैसे पुन्हा लवकर जमत नाहीत. ज्यांना तेही जमत नाही, ते फोनवर 'मॅजिक अरीना' खेळतात; तिथे हवे ते कार्ड मिळवण्यासाठी वाइल्डकार्ड खर्चावे लागते, आणि दुर्मीळ कार्डांची वाइल्डकार्डे हाती येता येत नाहीत. पहिल्या दिवशी ज्या कार्डाचा गाजावाजा होतो, त्याची किंमत त्या दिवशी चढलेली असते आणि बऱ्याच कार्डांच्या बाबतीत पंधरा दिवसांत उतरते. पाच पैकी साडेचार गुण, असा शेरा मारून मोकळे होणारी परीक्षणे मुलांच्या काहीच कामाची नसतात. कोणत्या डेकमध्ये, कोणत्या प्रकारात आणि कोणत्या कार्डाच्या जागी, हे ज्यात सांगितलेले नाही, तो गुण कशाचा आहे हेच कळत नाही. याउलट 'लाल आक्रमक डेकमध्ये दोन मानाच्या अमुक कार्डाऐवजी हे घालून पाहा, समोर निळा डेक असेल तर मात्र जुनेच ठेवा' असे एक वाक्य कोणी लिहिले, तर ते चुकीचे निघाले तरी त्यातून शिकता येते, कारण ते तपासता येते. भाच्याच्या वहीत आता गुण नसतात. नव्या कार्डाचे नाव, बाण आणि ज्याची जागा त्याने घ्यावी त्या कार्डाचे नाव, एवढेच असते. जिथे दुसरे नाव सुचत नाही, तिथे बाणापुढची जागा रिकामी राहते आणि ते कार्ड विकत घेतले जात नाही.

जागा ठरली, की शेवटचा प्रश्न प्रतींचा उरतो आणि त्यावर पुरेसा विचार होत नाही, असे मला वाटते. कार्ड आवडले, की चार, हा सरळ हिशेब झाला. पहिल्याच चालीला हवे असणारे, एकापेक्षा जास्त आले तरी उपयोगी पडणारे एक मानाचे कार्ड चारच हवे. पण पाच-सहा मानाचे, डाव संपवणारे कार्ड सुरुवातीच्या हातात नकोच असते. ते नवव्या-दहाव्या चालीपर्यंत कधीतरी एकदा यावे, एवढीच अपेक्षा असते, आणि त्यासाठी दोन प्रती पुरतात. लेजेंडरी कार्डांची अडचण निराळी आहे. एकाच नावाची दोन लेजेंडरी कार्डे आपल्या बाजूला एका वेळी राहू शकत नाहीत, दुसरे आले की एक ग्रेव्हयार्डात जाते. पहिले पटावर टिकून असेल, तर हातातले दुसरे बहुतेक वेळा निरुपयोगी होऊन बसते. पहिले मारले गेले असेल, तर मात्र तेच दुसरे फार मोलाचे ठरते. समोरच्याच्या डेकमध्ये मारक कार्डे किती आहेत, यावर दोन ठेवायचे की तीन, हे अवलंबून राहते. आमच्या आसपास सध्या लाल आणि काळे डेक जास्त खेळले जातात, मारामारी भरपूर होते, म्हणून येत्या सेटमधल्या चार मानाच्या लेजेंडरी क्रीचरच्या मी तीन प्रती धरल्या आहेत आणि त्यांच्यासाठी तीन मानाच्या रांगेतून दोन व चारच्या रांगेतून एक कार्ड काढले आहे. भाचा दोनवरच अडून बसला आहे. त्याचे म्हणणे असे, की तिसऱ्या प्रतीची जागा एखाद्या स्वस्त मारक कार्डाला दिली, तर पहिली प्रतच जास्त वेळ जगेल, आणि हा मुद्दा खोडून काढायला माझ्याकडे अजून पुरेसे डाव नाहीत.